मेंढीच्या कातड्यावरचा तांदूळ

माझी बायको मन्नूबिया गेल्यापासून आमच्या घरात भात शिजला नव्हता. त्यामुळे त्या सकाळी मेंढीच्या कातड्यावर तांदळाचा दाणा पडलेला दिसला, तेव्हा मी कॉफीचा पेला तोंडाशी धरून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. भात मला करता येत नाही. शेजारच्या घरांतून थाळ्या येणंही आता थांबलं होतं. माणूस जातं तेव्हा थाळ्या येतात, मग थांबतात. ते बरोबरच आहे, त्यांनाही संसार आहेत. मग हा दाणा आला कुठून? कातडं खिडकीखाली पसरलेलं असतं. ती त्यावर बसून भाजी निवडायची, आता त्यावर जिलजलान झोपतो. जिलजलान म्हणजे आमच्याकडे तीळ. कुत्र्याच्या पांढऱ्या नाकावर तपकिरी ठिपके आहेत म्हणून तिने हे नाव ठेवलं. मी जन्मभर बेकरीत पावांवर तीळ टाकत आलो, तेव्हा त्यात माझीही थट्टा असणार. मी दाणा उचलायला वाकलो, बोट पुढे केलं, आणि दाणा लांब झाला. लांब झाला, मग आखडला, आणि मोठ्या निश्चयाने लोकरीतून चालू लागला.

मी ओरडलो नाही. पहिल्यांदा काय केलं असेल तर स्वयंपाकघराकडे मान वळवून तोंड उघडलं. तिला हाक मारणार होतो. काही विचित्र दिसलं की हाक मारायची, ही सवय इतक्या वर्षांची; माणूस गेलं तरी मान वळतेच. तोंड उघडलंच होतं, तर ते बंद कशाला करा, म्हणून मी सूस शहरात राहणाऱ्या हादियाला फोन लावला. हादिया आमची एकुलती एक मुलगी.

"बाबा? एवढ्या सकाळी? काय झालं?"

"काही नाही गं. तांदूळ चालतोय."

ती फार हळू आवाजात म्हणाली, "कुठे चालतोय, बाबा?"

"आईच्या कातड्यावर. आता कडेला पोचलाय."

"तुम्ही रक्तदाबाची गोळी घेतलीत ना काल?"

"माझं डोकं ठिकाणावर आहे. जिलजलान तिथे झोपला होता, तो उठला आणि हा दाणा—"

"शी!" ती एवढ्या जोरात ओरडली की कुत्र्यानेही कान टवकारले. "बाबा, ते जंत आहेत! त्याच्या पोटातले! हात लावलात का?"

"लावणार होतो."

"लावू नका! आणि ऐका. तस्नीम अजून बोटं चोखते. दिवसभर जमिनीवर लोळते. मोठ्या ईदला आम्ही तुमच्याकडे येणार होतो—"

"होतो म्हणजे? येणारच आहात."

"तो कुत्रा घरात असेल तर नाही. त्याला द्या कुणाला तरी. एखाद्या शेतावर सोडून या. आईच्या पोटावरचा तो व्रण मी विसरले नाहीये, बाबा. माझ्या पोरीच्या अंगावर मला तो नको."

फोन ठेवल्यावर मी जिलजलानकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. पोटात असा सगळा प्रकार चालू असताना याचा चेहरा इतका निर्मळ कसा राहतो, असं मनात आलं. आणि मग तो व्रण डोळ्यांपुढे आला. हादियाने नाव काढलं नसतं तरी आलाच असता. मन्नूबिया बेजाकडच्या डोंगरातली, मेंढपाळांच्या घरातली. लग्न झालं तेव्हा मी बेकरीत नवा होतो, अंगाला सतत यीस्टचा वास. उजव्या बरगडीखालून बेंबीच्या दिशेने गेलेली ती जाड, फिकट रेघ पहिल्यांदा दिसली आणि माझा चेहरा उतरला असावा, कारण ती हसायला लागली. म्हणाली, "घाबरू नका. लहानपणी माझ्या पोटातून एक संत्रं काढलं." मला खरंच वाटलं की बी गिळली असेल आणि आत झाड आलं असेल, शहरात वाढलेल्या पोराला दुसरं काय वाटणार? मग तिने सांगितलं. काळजात, म्हणजे यकृतात, पाण्याची गाठ वाढली होती, संत्र्याएवढी. घरी मेंढ्या राखणारे कुत्रे होते, त्यांच्या गळ्यात हात टाकून ती झोपायची. मेंढी कापली की खराब निघालेलं फुफ्फुस आणि काळीज कुत्र्यांकडे भिरकावायचं, हा सगळ्या गावाचा रिवाज. माणसं चांगलं खातात तर कुत्र्यांनीही खावं, एवढाच त्यामागचा चांगुलपणा. त्या चांगुलपणातून ती गाठ आली. तरीही तिला कुत्रे आवडायचे. हे मला कधीच कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "गाठ कुत्र्याने नाही दिली, माझ्या काकांनी दिली. काकांना मी आधीच माफ केलंय, मग कुत्र्याने काय केलं?"

शेतावर सोडून या. सांगायला सोपं आहे. मी कातडं गुंडाळून गच्चीवर उन्हात टाकलं, हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, आणि विचार करत बसलो. हादियाचं चुकत नव्हतं. तस्नीम चार वर्षांची. ती येणार म्हणून मी तिच्यासाठी रंगीत खडू आणून ठेवले होते. आजी गेल्यावर ती एकदाच आली होती, आणि घरभर फिरून प्रत्येक दार उघडून बघून गेली होती. ती परत यायला हवी होती. पण जिलजलान हा या घरात असा एकच जीव आहे, की जिन्यात बायकी चपलांचा आवाज झाला की माझ्याआधी दाराकडे बघतो. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. त्याला देऊन टाकलं तर दाराकडे बघायला मी एकटा उरेन, आणि एकट्याने बघणं म्हणजे वेडेपणा. दोघांनी बघितलं की ती घरातली रीत होते.

बाब सादून या जुन्या वेशीच्या मागे आमची जुनी इमारत आहे. मधे अंगण, भोवती घरं, आणि अंगणाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेला सादोक. सादोक पोस्टातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून इतरांच्या येण्याजाण्याची नोंद डोक्यात ठेवतो. मी कुत्र्याला जुन्या चादरीत गुंडाळून खाली आणलं तर नावाआधी आदराचा 'सी' लावत म्हणाला, "सी हम्मादी, बाळाचं नाव काय ठेवलं?"

"डॉक्टरकडे नेतोय. पोटात जंत झालेत."

"तुझ्या की त्याच्या?"

"अजून ठरलं नाही."

"मी तुझ्या बायकोलाही सांगायचो, ज्या घरात कुत्रा त्या घरात देवदूत येत नाहीत म्हणे."

"आणि ती काय म्हणायची?"

सादोक जरा ओशाळला. "म्हणायची, तुमच्याकडे कुत्रा नाही सादोकभाई, तुमच्याकडे किती आले?"

मी चादर सांभाळत रस्त्यावर आलो तेव्हा माझं मलाच हसू येत होतं. ती असं बोलली होती हे मला माहीतच नव्हतं. गेलेल्या माणसाचं नवीन वाक्य कानावर पडलं की कुणीतरी खिशात गरम पाव टाकल्यासारखं वाटतं.

डॉक्टर इनास ही तरुण बाई. तिने जिलजलानला टेबलावर उभं केलं, शेपूट वर केली, केसांतून कंगवा फिरवला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला जिलजलान! मावशी नाही आल्या?"

मी सांगितलं. तिने कंगवा खाली ठेवला. माझ्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाली, "दर ऋतू बदलला की यायच्या. जंताची गोळी न्यायच्या. आणि वर मलाच बजावायच्या, 'पोरी, तू हात धुतलेस का?'"

मी म्हणालो, "गोळी? ती याला गोळी द्यायची?"

"चीजमध्ये घालून. तुम्हाला नव्हतं माहीत?"

मला चीज माहीत होतं. चांदीच्या कागदातलं त्रिकोणी चीज. मला नाश्त्याला पाव आणि ऑलिव्हचं तेल, आणि कुत्र्याला चीज, यावरून आमची भांडणं व्हायची. मी म्हणायचो, पुढच्या जन्मी शेपूट घेऊन येईन. ती म्हणायची, या, पण अंगावर पिसवा नकोत. एवढं सगळं बोलणं झालं आणि त्या चीजच्या आत गोळी आहे हे मला कधी कळलं नाही. खुर्चीवर बसून मी ती सगळी भांडणं पुन्हा आठवू लागलो आणि प्रत्येकात मी हरत गेलो. फार बरं वाटलं.

"हे जे चालताना दिसलं ना काका," इनास म्हणाली, "ते फार भयंकर नाही. पिसवांमधून येतं. पिसू पोटात गेली की जंत होतो. लहान मुलाच्या तोंडात पिसू गेली तर त्यालाही होऊ शकतो, पण औषधाने जातो. पिसवा घालवा, गोळी द्या, बिछाना गरम पाण्यात धुवा."

"मग मुलगी उगाच घाबरली?"

"उगाच नाही. दुसरा एक आहे, तो डोळ्याला दिसतच नाही इतका लहान. तो येतो मेंढीच्या खराब काळजातून आणि फुफ्फुसातून. कुत्र्याने ते कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात वाढतो. मग त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना लागतात, तिथून आपल्या हाताला, हातावरून तोंडात. मावशींना झालं होतं ते हेच. कुत्रा मजेत असतो, आजारी माणूस पडतो, तेही कित्येक वर्षांनी. म्हणून गोळी चुकवायची नाही. हात धुवायचे. तोंड चाटू द्यायचं नाही. गोळी दिल्यावर त्याची विष्ठा हातमोजे घालून उचलायची आणि जाळायची. आणि मोठ्या ईदला..." ती थांबली. "मोठ्या ईदला मावशी काय करायच्या, ते तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. तेवढं मात्र माहीत होतं. ते आठवून माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, कारण ईदच्या दिवशी मी तेवढ्यापुरता नेहमी गच्चीवर जाऊन बसायचो.

घरी आल्यावर मी चीज सोललं, गोळी आत दाबली, गोल केलं, जिलजलानपुढे धरलं. त्याने ते तोंडात घेतलं, डोळे मिटून घोळवलं, चीज गिळलं आणि कोरडी गोळी माझ्या बुटाशेजारी ठेवली. मी मर्गेझ सॉसेज आणलं. त्याने सॉसेज खाल्लं, गोळी ठेवली. मी हरिसाची तिखट चटणी लावलेल्या पावात दिली तर त्याने पावही ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की माझ्यातला बेकरीवाला दुखावला. दुपार सरत चालली. गोळी भिजून गुळगुळीत झाली होती. मी जमिनीवर बसलो, पाठ भिंतीला, आणि डोळे मिटले. मग तिचा हात दिसला. सगळी ती नाही, फक्त हात. बोटांच्या पेरांवर पिठाचे कण, अंगठ्याला कांदा चिरताना पडलेली जुनी खूण. त्या हातात चीजचे तीन तुकडे. एक तुकडा खाली जायचा. दुसरा खाली जायचा, आणि तो जाता जाताच तिसरा तुकडा वर त्याच्या नाकापुढे नाचायचा. मी दारात उभा राहून म्हणायचो, "तीन? तीन तुकडे? आम्हाला एक नाही!" आणि ती हसत वळायची. आता मला दिसलं की तो तिसरा तुकडा लाड म्हणून नव्हता, घाई म्हणून होता. समोर तिसरा नाचत असताना दुसरा चघळत कोण बसेल? मी तीन तुकडे केले. मधल्यात गोळी. पहिला गेला. दुसरा पुढे केला आणि लगेच तिसरा उंच धरला. गट्ट! मी जिलजलानचं तोंड उघडून जिभेखाली बघितलं, गालात बघितलं, बुटांच्या आसपास बघितलं. गोळी गेली होती. मी एकटाच मोठ्याने हसलो, आणि मग लगेच हात धुवायला उठलो.

इनासच्या सांगण्यावरून मी माझी सोनोग्राफीही करून आलो. त्या डॉक्टरने पोटावर थंड चिकट काहीतरी चोपडलं, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, काहीही नाही, अगदी मोकळं. त्याने ते इतक्या सहज सांगितलं की मी थोडा हिरमुसलो. संध्याकाळी हादियाला फोन करून सगळं सांगितलं. पिसवांचं औषध, गोळी, गरम पाणी, माझं मोकळं पोट.

"बाबा, तुम्ही हे सगळं एकदा केलंत. आई दर वर्षी करायची. ईदच्या दिवशी अंगणभर मेंढ्या कापल्या जातात. कुणीतरी एक तुकडा भिरकावणार, कुत्रा तो खाणार, की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा तुम्ही गच्चीवर असाल."

"नसेन."

"बघते," ती म्हणाली. "येऊन बघते. पण बॅग गाडीतून काढणार नाही. तसं काही दिसलं तर आम्ही परत फिरणार, सासूबाईंकडे जाणार. तस्नीमला आत्ताच काही सांगू नका."

ईदच्या सकाळी जिलजलानला मी वर खोलीत कोंडलं. त्याला वास येत होता, तो दारावर पंजे मारत होता. खाली अंगण पाण्याने धुतलेलं, दोऱ्या टांगलेल्या, पोरं मेंढ्यांना निरोप देत रडत आणि लगेच विसरत होती. बुझीद कसाई दरवर्षीसारखा घरोघर फिरत होता. हातात सुरी, कंबरेला प्लास्टिक, आणि तोंड सुरीपेक्षा धारदार. नमाज झाली, काम सुरू झालं. मी तिची जुनी बादली घेऊन बुझीदच्या मागे उभा राहिलो. हेच ते काम, ज्याची मला लाज वाटायची. माझी बायको लोकांच्या मेंढ्यांची खराब काळजं मागत फिरते, असं म्हणतील म्हणून मी वर जायचो.

सादोकच्या मेंढीचं फुफ्फुस बुझीदने बाहेर काढलं. त्यावर पाण्याचे दोन फुगे होते, टपोरे, चमकणारे. त्याने तेवढा भाग कापला आणि हात मागे नेला. सवयीने. आमच्याकडे सगळ्यांचेच हात असे मागे जातात. भिंतीबाहेर गल्लीतले कुत्रे वाट बघत असतात, त्यांचीही ईद असते.

"थांब!" मी ओरडलो. "इकडे. बादलीत."

बुझीदने वळून बघितलं. "सी हम्मादी! तुमच्या पांढऱ्या साहेबांसाठी का?"

"त्याला मिळू नये म्हणून. गल्लीतल्यांनाही."

"म्हणजे तुम्ही ते खाणार?"

अंगण हसलं. माझे कान तापले. मी बादली पुढे धरूनच म्हणालो, "मी शिजवणार. चांगला वेळ उकळणार. मग पुरणार. तू टाक." त्याने टाकलं. पचकन आवाज झाला. आणि त्या हशात वरच्या मजल्यावरून सादोकची बायको झुबैदा खाली ओरडली, "सी हम्मादी, तिथेच काय उभे राहिलात? वर या, आमच्या दिराच्या मेंढीचं इथे ताटाखाली झाकून ठेवलंय. सकाळपासून वाट बघतेय, यावर्षी कोण येणार म्हणून!" मी वर गेलो. मग समोरच्या घरातून हाक आली. तिथेही एक वाडगं, वर ताटली, ताटलीवर दगड, मांजरीने ओढू नये म्हणून. प्रत्येक घरात काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. कुणी मला काही विचारलं नाही. एका म्हातारीने तर बादलीत टाकता टाकता मला रागावून सांगितलं, "उशीर केलात. मन्नूबिया यापेक्षा लवकर यायची." मी जिना उतरत होतो, बादली जड झाली होती, वास असह्य होता, आणि मला राहून राहून वाटत होतं की इतकी वर्षं मी गच्चीवर बसून कुठली ईद बघत होतो?

अंगणाच्या कोपऱ्यात विटा मांडून मी जुन्या पातेल्यात ते सगळं उकळायला ठेवलं. भट्टीचं काम मला येतं. विस्तव कसा राखायचा हे मला कुणी शिकवायला नको. बुझीद जाता येता नाक धरून विचारत होता, "सूप कधी वाढताय?" सादोकने खुर्ची आणखी लांब नेली. मी लाकडी दांड्याने ढवळत होतो, तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला.

"बाबा."

हादिया उभी होती. एका हातात तस्नीमचा हात, आणि दुसऱ्या हातात, मी नीट बघितलं, बॅग. गाडीतून काढणार नाही म्हणाली होती, पण निघताना सवयीने काढली असावी. ती तिने खाली ठेवली नव्हती. ती पातेल्याकडे बघत होती. मग बादलीकडे, मग माझ्या हातमोज्यांकडे. वरून जिलजलान भुंकला आणि तिची बोटं बॅगेवर घट्ट झाली.

"तो वर आहे," मी म्हणालो. "दार लावलंय. सकाळपासून उघडलं नाही."

तिने वर बघितलं. तिचा चेहरा आईचा आहे. हे सगळे म्हणतात, मला कधी पटत नव्हतं. त्या दिवशी धुरातून पटलं. तस्नीमने तिचा हात सोडला आणि ती पुढे आली. मी दांडा आडवा धरला, "लांबून बघ, राणी." ती लांब उभी राहिली, तोंडात बोट घालणार होती, पण वासामुळे ते बोट नाक धरण्यात गुंतलं.

"हे काय आहे, आजोबा?"

मी काय सांगणार? मी हादियाकडे बघितलं. हादिया हळूच म्हणाली, "आजीचं काम आहे ते. दर ईदला ती करायची."

तस्नीमने मान हलवली, पटल्यासारखी. मग पातेल्यात उसळणारा तो राखाडी फेस मोठ्या गंभीरपणे निरखून तिने विचारलं, "मीठ घातलंत?"

"नाही," मी म्हणालो.

"मग कसं लागणार?" ती माझ्यावर चिडली. "आजी मीठ घालायची!"

आधी बुझीद हसत सुटला. मग वरून झुबैदा, मग सादोक, खुर्चीसकट. आणि मग हादिया. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, ओठ चावले, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी ती अशी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. दफनाच्या दिवसापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसताच तिने तस्नीमचा हात धरून नळाकडे नेलं, दोघींचे हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, आणि बॅग खांद्याला लावून ती जिना चढायला लागली.

अर्ध्या जिन्यात थांबून तिने मागे बघितलं. "बाबा, वरचं दार उघडते मी. पण त्याला सांगून ठेवा, तोंड चाटायचं नाही."

"तूच सांग," मी म्हणालो. "माझं तो ऐकत नाही."